गुणपत्रिकेत न दिसणारं गणित

म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेची जन्मकथा प्रत्येक गणितशिक्षकाला ठाऊक हवी. प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हांसोबत त्या पुन्हा मुंबईला गेल्या. कोणत्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावं, असं त्यांनी ठणकावलं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

कुणाला किती गणित येतं, हे कागदावरून कळत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवताना मी याच कारणासाठी प्रवेशानंतरच्या गणित चाचणीचा आग्रह धरतो. आपल्याकडे अकरावी-बारावीत कॉमर्सला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, सायन्सलाही जीवशास्त्र घेऊन गणित सोडता येतं. दोन वर्षं गणितापासून लांब राहिलेली मुलं मग बीबीए, बीसीएला येतात. या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्यात सीईटी आहे, पण सीईटी जागा वाटण्यासाठी असते. आपल्या मागे किती जण आहेत, हे पर्सेंटाइल सांगतं. मूल नेमकं कुठं अडतं, हे सांगत नाही.

आमच्या चाचणीत पर्याय नसतात आणि कच्चं काम त्याच कागदावर करायचं असतं. ७ − (अ − ३) सोपं करा, असं विचारलं की ‘४ − अ’ हे उत्तर हमखास येतं. मी मुलाला जवळ बसवून अ च्या जागी ५ घालायला सांगतो. मूळ राशी ५ येते, त्याचं उत्तर −१. एक जण लगेच म्हणतो, ‘सर, कंसातलं चिन्ह बदलायचं राहिलं.’ दुसरा नुसता बघत राहतो, कारण ते का बदलतं हेच त्याला कुणी समजावलेलं नसतं. दोघांनाही शून्य गुण, पण पहिल्याला पाच मिनिटं पुरतात, दुसऱ्याला दोन आठवडे द्यावे लागतात.

व्याजाचंही तसंच. पाच हजारांवर महिना शेकडा दोननं शंभर रुपये, हे माणदेशातलं पोर तोंडी सांगतं. ‘द.सा.द.शे. २४’ छापलं की तेच पोर गांगरतं. म्हणून प्रश्न दोन्ही तऱ्हेनं विचारावा.

या चाचणीचा धोकाही आहे. अमेरिकेत अशा चाचणीवरून पायाभूत वर्गात टाकलेले अनेक विद्यार्थी पदवीच्या गणितापर्यंत पोचतच नव्हते. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदा करून तिथल्या कम्युनिटी कॉलेजांना शाळेतली कामगिरी विचारात घ्यायला लावली. आपणही एका कागदावरून मुलाला कायमचं ‘कच्चा’ ठरवू नये.

प्राचार्यांना माझी विनंती आहे: सत्राचे पहिले दोन आठवडे चाचणीला आणि तिच्यानुसार गट पाडून शिकवायला द्या. चाचणीचे गुण फलकावर लावू नका, ज्याचे त्याला सांगा. महिन्यानं पुन्हा तपासा आणि सुधारलेल्याला लगेच पुढच्या गटात घ्या. शिकवण्याची सुरुवात कुठून करायची, हे शिक्षकाला कळावं, एवढ्यासाठीच ही चाचणी आहे.