शेवटच्या पानांवरचं काम

पेपर हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडते. शीर्षक, गोषवारा, तक्ते मागाहून. वैद्यकीय जर्नलांचं संपादन करणाऱ्या बऱ्याच जणांना ही खोड असते, आणि तिला कारण आहे. तिथल्या संदर्भयादीत काही ठिकाणी लेखकांची सहा नावं, काही ठिकाणी तीनच. एका ओळीत जर्नलचं नाव पूर्ण, दुसऱ्या ओळीत तेच तोडलेलं. कुठे नावाच्या आद्याक्षरांपुढे टिंबं, कुठे नाहीत. अशी यादी दिसली की समजावं, हे संदर्भ वाचून गोळा केलेले नाहीत. तीन-चार जणांच्या याद्यांमधून उचलून एकत्र लावलेले आहेत, आणि प्रत्येक ओळीने आपल्या जुन्या घरची रीत सोबत आणली आहे.

आम्ही ज्या पद्धतीने संदर्भ लावतो तिला व्हँकुव्हर म्हणतात. १९७८ साली कॅनडातल्या त्या शहरात काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक अनौपचारिकपणे भेटले आणि लेखकांनी हस्तलिखित कसं पाठवावं यावर त्यांनी एकमत केलं. त्याआधी एका जर्नलने पेपर नाकारला की दुसरीकडे पाठवताना सगळी यादी नव्याने टंकलिखित करावी लागे. हा जाच कमी व्हावा, हा साधा हेतू. संदर्भांचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने घडवला. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मध्ये टिंब नाही. सहापर्यंत लेखक असतील तर सगळे, त्याहून जास्त असतील तर पहिले सहा आणि पुढे ‘एट अल’. मग शीर्षक, जर्नलचं ठरलेलं संक्षिप्त नाव, साल, अर्धविराम, खंड, अपूर्णविराम, पानं. एकाच शब्दाचं नाव असेल तर ते तोडायचं नाही. म्हणून ‘लान्सेट’ पूर्ण लिहायचं, ‘इंडियन पीडियाट्रिक्स’चं मात्र ‘इंडियन पीडियाटर’ होतं.

एकमत झालं तरी प्रत्येक घराची चूल वेगळी राहिलीच. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पद्धत सहाहून अधिक लेखक असले की तीनच नावं घेते. कुठे आकडा ओळीच्या डोक्यावर, कुठे कंसात. कुणी १२३४–८ लिहितं, कुणी १२३४–१२३८. यात शहाणपण कुठलं, असं नवे रेझिडेंट विचारतात. खरं तर कुठलंच नाही. पत्त्यात मु. पो. आधी की तालुका आधी, याने पोस्टमनचं फारसं अडत नाही. पण गावाचं नाव चुकलं तर पत्र फिरत राहतं. टिंबं-स्वल्पविराम सॉफ्टवेअर लावून देतं. खंड आणि पान बरोबर आहे का, हे त्याला कळत नाही.

सॉफ्टवेअरने आमचे कष्ट पुष्कळ वाचवले, हे मान्य. पूर्वी नवव्या संदर्भाच्या जागी एक नवा घुसवला की पुढचा प्रत्येक आकडा हाताने बदलावा लागे, आणि तक्त्यातल्या संदर्भाला, मजकुरात तो तक्ता पहिल्यांदा जिथे येतो तिथला क्रमांक द्यायचा, हे हमखास सुटायचं. आता आकडे बदलायचं काम झोटेरो किंवा एंडनोट निमूटपणे करतं. पण त्याला माणूस आणि संस्था यांतला फरक सांगावा लागतो. नाही सांगितला, तर वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं आडनाव ‘ऑर्गनायझेशन’ होतं आणि ‘डब्ल्यूएच’ ही त्याची आद्याक्षरं. हे गृहस्थ मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या यादीत भेटतात.

एक उदाहरण मी नवीन मुलांना मुद्दाम देते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांवर केलेलं काम आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या लेखाचा संदर्भ असा लिहितात : लान्सेट १९८२;१:५५२–४. मुलं हमखास अडखळतात. इतक्या जुन्या जर्नलचा खंड पहिला कसा? तर लान्सेट तेव्हा दर वर्षी पुन्हा एकपासून मोजत असे, पहिली सहामाही एक, दुसरी दोन. सलग आकडे छापायला त्यांनी १९९० पासून, ३३५पासून, सुरुवात केली. प्रकाशकाच्या संकेतस्थळाने मग मागचे खंडही मोजून टाकले, त्यामुळे तिथे हाच अंक ३१९व्या खंडात सापडतो आणि पबमेडवर पहिल्या. दोन्ही बरोबर. मात्र एकाच यादीत एक लान्सेट असा आणि दुसरा तसा आला, तर मी पेन्सिल उचलते. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या स्त्रियांच्या आजारांवरचा पेपर आला, तोही जुन्या मोजणीतला : १९८९;१:८५–८. विंचू आणि गडचिरोली एकाच यादीत आले की मला माझ्या मुलांची परीक्षा घेता येते.

पण या ओळी नुसत्या शुद्ध असून भागत नाही. त्या वाचायच्याही असतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जानेवारी १९८०मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. पाच वाक्यांचं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण त्यांनी पाहिले, आणि आधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना ते लागल्याची नीट नोंद सापडली. एवढंच. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नाही. पुढे हे पत्र शेकडो पेपरांच्या याद्यांमध्ये जाऊन बसलं, ऑक्सिकॉन्टिन ही अफूजन्य गोळी बाजारात आल्यावर तर जास्तच. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये कुणीतरी मोजदाद केली : ६०८ ठिकाणी उल्लेख, त्यांतल्या ४३९ ठिकाणी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याला पुरावा म्हणून; आणि ४९१ लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलंच नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात टोचतो तो त्या संदर्भाचा शेवट : १९८०;३०२:१२३. पानांमध्ये आडवी रेघ नाही. म्हणजे सगळा मजकूर एका पानावर मावला आहे. एवढा मोठा दावा, आणि त्याच्या मागे एकच पान! शिवाय व्हँकुव्हरच्या रीतीप्रमाणे शीर्षकापुढे चौकोनी कंसात ‘पत्र’ असं लिहायची सोय आहे. कित्येक जर्नलं जागा वाचवायला ती खूण गाळतात. ती लावली असती, किंवा त्या एकाकी आकड्याकडे प्रतसंपादकाने भुवई उंचावून पाहिलं असतं, तरी एवढ्याने अमेरिकेतली अफूजन्य औषधांच्या व्यसनाची लाट थांबली असती असं मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न तरी लेखकाकडे गेला असता.

मागे घेतलेल्या पेपरांचंही तसंच. अँड्र्यू वेकफील्डचा लस आणि स्वमग्नतेचा १९९८चा लेख लान्सेटने २०१० साली मागे घेतला. तो संदर्भ आला, तर मागे घेतला गेल्याचा उल्लेख सोबत आहे का, एवढं पाहायचं. काम दोन मिनिटांचं.

अलीकडे नवं दुखणं आलं आहे. यादी इतकी देखणी येते की नजर घसरून जावी : नावं सहा, पुढे ‘एट अल’, संक्षेप ठरलेले, अर्धविराम जागच्या जागी. खंड उघडून त्या पानावर जावं, तर तिथे मूत्रपिंडाऐवजी मोतीबिंदू निघतो. यंत्राने रचलेल्या संदर्भात व्याकरण चुकत नाही, म्हणून माझी जुनी युक्ती, विसंगतीवरून उचलेगिरी ओळखायची, इथे चालत नाही. एकेक ओळ उघडून पाहायची, बस. मग समासात लिहायचं : ‘संदर्भ १४, मूळ लेखाची प्रत पाठवावी.’ याला उत्तर म्हणून प्रत फारशी येत नाही. सुधारलेला मसुदा येतो, चौदावा गायब झालेला असतो, त्याच्यावर उभं असलेलं वाक्य मात्र तसंच असतं. आणि मला पुन्हा लिहावं लागतं, आता हे वाक्य कशाच्या आधारावर?