सेकंड हँड स्पोर्टी गाडी आधी आपल्या अंगाला बसवा

"डॉक्टर, या वयात अशी गाडी?" गेल्या महिनाभरात म्हसळ्यात हा प्रश्न मला इतक्या पेशंटनी विचारला, की उत्तर इथेच लिहून टाकतो. उत्तरात तुमच्या उपयोगाचंही बरंच आहे.

मी 2010 ची होंडा सिविक घेतली. पुण्याहून, सेकंड हँड, ताम्हिणी घाटातून स्वतः चालवत आणली. भारतात ही गाडी 2006 मध्ये आली आणि 2013 मध्ये बंद झाली. पुढे 2019 मध्ये नव्या रूपात परतली, पण तीही फार टिकली नाही. 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, खाली बसवलेली सीट, दोन मजली डॅशबोर्ड. अस्सल स्पोर्ट्स कार नव्हे, पण घोणसे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा सूर लागतो आणि दिवसभराची ओपीडी विसरायला होते. मन असं हलकं होणं, हाही आरोग्याचाच भाग आहे.

गाडी आली तशी सल्ल्यांची रांग लागली: अलॉय बसवा, सायलेन्सर बदला, काचा काळ्या करा. मी मात्र पहिला रविवार एक रुपयाही न खर्चता घालवला. गाडी 'आपली' करायची तर आधी ती आपल्या शरीराच्या मापाची करायची.

सीट आणि स्टीअरिंग

कंबर सीटच्या पाठीला पूर्ण टेकवा. क्लच शेवटपर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे टेकलेले ठेवून हात लांब करा. मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं, तर अंतर बरोबर. छाती आणि स्टीअरिंगमध्ये साधारण 25 सेंटिमीटर जागा हवी, कारण एअरबॅग तिथूनच उघडते. कमरेमागे पोकळी राहत असेल तर टॉवेलची गुंडाळी पुरते. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढा. त्यावर तासभर बसलं की मांडीत जाणारी शीर दबून पाय बधिर होऊ शकतो.

हेडरेस्ट

बहुतेकांचं मानेपाशीच असतं. त्याची वरची कड डोक्याच्या उंचीला आणा आणि डोकं त्याच्या जवळ ठेवा. मागून धक्का बसला तर मान मागे झटकण्यापासून तेच वाचवतं.

चढणं-उतरणं

खाली बसणाऱ्या गाडीत एक पाय आत टाकून वाकून शिरलं की कंबर पिळते. आधी सीटवर बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. उतरताना उलट. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी अशा गाडीत बसण्याआधी आपल्या सर्जनना विचारावं.

डॅशबोर्डवरचा गणपती

श्रद्धा माझीही आहे. पण डावीकडच्या एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती चिकटवू नका. पापणी लवायच्या आत एअरबॅग उघडते आणि समोरची वस्तू थेट चेहऱ्यावर येते. मी एअरबॅगपासून दूर एक छोटं चपटं चित्र लावलं आहे.

सायलेन्सर, चाकं, काचा

85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कानांसाठीची मर्यादा मानतात. त्यापुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. फाटका आवाज करणारा सायलेन्सर आधी तुमचे कान खातो, मग शेजाऱ्यांची झोप. मोठी चाकं आणि पातळ टायर घेतले, तर खड्ड्याचा हिसका टायरऐवजी मणका सोसतो. काचांबाबत नियम स्पष्ट आहे: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. रात्री पावसात रस्त्याकडेचा माणूस दिसण्यासाठी तो लागतोच.

खर्च करायचाच तर

मी टायरवर केला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: '2219' म्हणजे 2019 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायलाच हवा. आपल्या पावसात तिथवर वाट पाहू नका. दुसरी गोष्ट मागच्या सीटचे पट्टे. सीट कव्हरखाली गाडले गेले होते, ते बाहेर काढले. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलत नाही, हा घरचा नियम.

आता श्रीवर्धनला जाऊन आलो तरी कंबर कुरकुरत नाही. लांबच्या प्रवासात मात्र दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालतो.

एवढं करूनही पाठदुखी पायात उतरत असेल, पाऊल उचलताना कमजोर वाटत असेल, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीच्या जागेची संवेदना कमी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि अशा वेळी गाडी कितीही आवडती असली, तरी चालवायला दुसऱ्याला द्या.