सागाचं घर

जुनं लाकूड ओळखायचं तर वरच्या रंगावर जाऊ नये. वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेलं कुठलंही लाकूड काळंच दिसतं. तुकड्याच्या टोकाला, आडव्या कापावर, धारदार पटाशीने नखाएवढी जागा साफ करावी, पाण्याचं बोट लावावं आणि बघावं. सागात वर्षावर्षाची वलयं उठून दिसतात आणि प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ असते. रंधा मारला की जुन्या चामड्यासारखा वास येतो, हाताला किंचित तेलकट लागतं. फणसात अशी ओळ नसते. छिद्रं विखुरलेली, आणि काळा थर निघाला की आत पिवळं.

रत्नागिरीकडचं आमचं सामाईक घर गेल्या मे महिन्यात उतरवलं. "आपलं सागाचं घर" हे मी जन्मापासून ऐकत आलो. मुलींची स्थळं बघतानासुद्धा ते आवर्जून सांगितलं जाई! खांब सागाचे निघाले, खोटं नाही. पण माजघरावरची मोठी तुळई, जिच्यावर घराण्याची सगळी ऐट, ती निघाली फणसाची. ठेकेदाराने तिचा भाव जळणाचा केला.

मुंबईला थोरल्या चुलतभावाला फोन केला.

"काहीतरी सांगू नकोस. आजोबांनी गाड्या भरून साग आणवला होता."

"दादा, भुसा उकळून पाहिला मी. पाणी पिवळं झालं."

(ब्रह्मदेशात भिक्षूंची चिवरं याच रंगात रंगवत.) पलीकडून दादा काही बोललाच नाही.

मला विचाराल तर तुळई फणसाची निघाली याचा आनंदच झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आंबा-फणसांबद्दल सांगितलं आहे, की ही लाकडंही आरमाराच्या कामाची, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये. साग पैसे टाकून आणता येतो. परसातला फळता फणस तोडायचा तर आजोबांना आधी घरातल्या बायकांशी बोलावं लागलं असेल. तो संवाद ऐकायला मिळायला हवा होता!

असो. तुळई मी ठेवून घेतली. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, कारण एक मोडका खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलंच. एका बाजूला जुना तेलरंग होता. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती 2017 मध्ये, त्यामुळे तो कोरडा घासला नाही, ओला करून खरवडला. कडेचा पांढरा भाग किड्यांनी पोखरला होता, टिचकी मारली की पीठ पडे. तो सगळा कापून टाकला. उरलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून खोलीत रचल्या. पावसाळा त्यांच्या अंगात होताच. दर रविवारी एक फळी काट्यावर ठेवायची. वजन उतरायचं थांबेपर्यंत करवतीला हात लावायचा नाही. दिवाळी उलटून गेली त्यात.

सहा पाट झाले, सहा घरांना. रंग दिला नाही, नुसतं जवसाचं तेल. आत्ता मधासारखे पिवळे आहेत, पुढे तपकिरी होतील. पाच जण घेऊन गेले. दादाचा कागदात गुंडाळून ठेवला आहे. परवा त्याच्या सुनेचा फोन आला होता, पाटाची लांबी-रुंदी विचारत होती.