डायनासोरच्या पायाखालचं गवत

मुलुंडच्या बाजारात फूटपाथवर प्लास्टिकचे डायनासोर मिळतात. पाकिटात आठ-दहा नग, पोटावर साच्याची शिवण, आणि टी-रेक्स हमखास शेपटीवर टेकून ताठ उभा, कांगारूसारखा. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९१५ साली आपला सांगाडा असाच उभा केला होता. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी तो सोडवून पाठ आडवी, शेपूट हवेत असा पुन्हा जोडला. खेळण्यांनी मात्र हे मनावर घेतलेलं दिसत नाही. मला वाटतं कारण साधं आहे. दोन पाय आणि शेपूट मिळून तिवई होते. शास्त्रशुद्ध टी-रेक्स टेबलावर ठेवा, तोंडावर आपटतो! (इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा एवढाच उपयोग.)

असो. मुद्दा गवताचा आहे.

भाचीला शाळेत डायनासोरचा प्रोजेक्ट होता. ताईने पुठ्ठ्यावर हिरवीगार प्लास्टिकची हिरवळ चिकटवली, वर लांब मानेचे दोन डायनासोर. बाईंनी दोन मार्क कापले, "तेव्हा गवत नव्हतं" म्हणून. भाची रडवेली. ताईचा फोन, "तू बघ ना रे जरा, शनिवारी काय करतोस?"

बघितलं. बाई जुन्या पुस्तकांप्रमाणे बरोबरच होत्या. कित्येक वर्षं डायनासोरच्या चित्रात गवत ही ढोबळ चूक समजली जायची. नेचे, सूचिपर्णी झाडं काढा, पण गवत नको. हे बदललं २००५ साली, आणि कशामुळे? तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेणामुळे! वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तर आत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले. तेही एका नाही, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. त्यांत आजच्या भाताचे नि बांबूचे दूरचे नातेवाईकसुद्धा. 'सायन्स'मध्ये पेपर छापून आला.

पण ताईचा लॉनही बरोबर नव्हता हं. त्या शेणात गवताचा वाटा थोडाच होता, बाकी इतर झाडंझुडपं. म्हणजे गालिचा नाही, मधूनमधून झुपके.

त्याच जिल्ह्यात डोंगरगावला आयसीसॉरसचा सांगाडा मिळाला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव. आपल्या मातीतला एवढा मोठा प्राणी, पण मुलुंडच्या पाकिटात काही तो नव्हता. मग त्यातल्याच एका लांब मानेच्याला भाचीने तपकिरी रंग दिला आणि पोटावर मार्करने नाव घातलं. अर्धी हिरवळ उपटली, झुपके ठेवले. शेणाचे गोळे मात्र तिने स्वतः, फार मन लावून, मातीचे वळले. सात गोळे. ताई वैतागली.

सोमवारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मार्क काही वाढले नाहीत, पण पिसदुऱ्याचं स्पेलिंग त्यांनी विचारून लिहून घेतलं म्हणे.