वेपेरीचा पाद्री आणि माझी भिशी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींकडे भिशीची वही असते? माझ्याकडे आहे, आणि गेल्या दिवाळीत तिनंच माझी झोप उडवली होती.

ह्यांची बदली चेन्नईला झाल्यापासून मी वेपेरीजवळच्या एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस हिंदी शिकवते. वेपेरी म्हणजे नुसती वर्दळ! रस्ता ओलांडायचा तर देवाचं नाव घ्यावं. तिथल्या जुन्या मिशनची हकिगत मला माझ्या एका लुथरन सहशिक्षिकेनं सांगितली.

शुल्त्से नावाच्या जर्मन लुथरन पाद्र्यानं १७२८ मध्ये मद्रासला मिशन सुरू केलं. पैसा इंग्लंडातल्या संस्थेचा. १७४२ मध्ये फाब्रिसियस आला. चारच वर्षांत फ्रेंचांनी शहर घेतलं, म्हणून ही मंडळी पुलिकतला गेली. परतल्यावर त्यांनी वेपेरीत बिऱ्हाड थाटलं. तेव्हा ते किल्ल्याबाहेरचं खेडंच. शाळा, प्रार्थना, आणि १७६१ मध्ये पाँडिचेरीच्या लुटीतला छापखाना! सरकारची छपाई आधी करून द्यायची, या अटीवर तो मिळाला. त्यावरच १७७९ मध्ये फाब्रिसियसचा तमिळ-इंग्रजी कोश निघाला. त्याच्यामागून आलेल्या गेरिकेनं तर आपल्या तंजावरच्या सरफोजीराजांना शिकवलं, हे ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण एवढा विद्वान फाब्रिसियस पैशापायी बुडाला. लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलेल्या रकमा त्यानं व्याजानं पुढे दिल्या आणि त्या परत आल्या नाहीत. म्हातारपणी त्याला कर्जापायी तुरुंग पाहावा लागला. १७९१ मध्ये तो गेला.

ऐकताना माझ्या हातातला डबा तसाच राहिला. कारण भिशीतले सहा हजार मी एका अडलेल्या शेजारणीला परस्पर दिले होते. 'आठ दिवसांत देते' म्हणालेली ती बाई घर सोडून गेली होती. ह्यांनाही मी बोलले नव्हते.

त्या रात्री ह्यांना सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "पैसे तुझे होते का?" रविवारी आठहीजणींना चहाला बोलावलं आणि वही मधे उघडून ठेवली. एकजण चहा न घेताच उठून गेली. उरलेल्यांनी मला सहा महिन्यांची मुदत दिली. माझ्या पगारातून दरमहा हजार भरतेय. अजून दोन हप्ते राहिलेत. वही आता दुसरीकडे असते.