वाईतलं सायकलचं दुकान

तर झालं असं. २०२३ च्या डिसेंबरातला एक शनिवार. गुरुवारी रात्री रिलीज एकदाचा बाहेर पडला होता, शुक्रवार नुसता जांभया देण्यात गेला, आणि शनिवारी पहाटे मी सायकल काढून वाईला निघालो. कात्रज, शिरवळ, खंबाटकी, मग सुरूरला हायवे सोडायचा. साधारण नव्वद किलोमीटर. खंबाटकीत जीव घशाशी आला, पण गियर होते म्हणून निभावलं. संध्याकाळी ढोल्या गणपतीसमोर घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो तेव्हा स्वतःवर भयंकर खूश होतो.

रविवारी सकाळी मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि तिथली ती प्रचंड घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली. परत येताना समोरून उसाची ट्रॉली आली. मी कडेला घेतली, कडेला खडी होती... असो. मला फारसं लागलं नाही. सायकल मात्र उजव्या बाजूवर पडली. उठून चार पायडल मारली, मोठ्या गियरवर टाकली आणि मागून 'कर्रर्र कटाक'! गियर बदलणारा तो लोंबता सांगाडा, म्हणजे डिरेलर, सरळ चाकाच्या तारांत जाऊन अडकला होता.

दोन-अडीच किलोमीटर मागचं चाक उचलून चालत वाईत आलो. विचारत विचारत एका बोळात पोचलो. दहा बाय दहाचं दुकान. वर टांगलेल्या ट्यूब, खाली पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, भिंतीवर पान्यांच्या आकाराचे काळे डाग. साठीच्या आसपासचे एक काका एका शाळकरी पोराच्या सायकलचा ब्रेक लावत होते.

खरं सांगतो, मला आत जायची लाज वाटत होती. ही सायकल घेतली तेव्हा पुण्यातल्या दुकानातल्या पोराने पहिला प्रश्न विचारला होता, "बजेट काय?" आणि त्यानंतर मी जे जे विचारलं त्याला "ते तुम्हाला नाही कळणार" अशा अर्थाचं हसला होता. सर्व्हिसिंगला गेलो तर वर्कशॉपच्या दारावर 'ग्राहकांना प्रवेश नाही'. दिवसभर लोकांना 'तुमचा ब्राउझर अपडेट करा' सांगणाऱ्या माणसाने तक्रार करू नये म्हणा. :)

काकांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्या खरचटलेल्या कोपराकडे. "आधी त्ये धुवा. तिकडं नळ हाय. आन् बसा की."

धुऊन आलो तर त्यांनी सायकल उलटी करून ठेवली होती. "असली सायकल माझ्याकडं कमी येती," ते म्हणाले. "पण चेन ती चेनच. बघू."

डिरेलर ज्या छोट्या पट्टीला टांगलेला असतो ती आत वाकली होती. मी म्हटलं, सरळ नाही का करता येणार? त्यांनी पट्टीवर नख वाजवलं. "ॲल्युमिनियम हाय. आत्ता वाकवून देईन सरळ. पण एकदा वाकलेलं परत वाकवलं की तुटतंय. हितं तुटलं तर ठीक, कात्रजला तुटलं तर काय करनार?" तसाही डिरेलरचा पिंजरा पिळवटला होता. "गियर काढून टाकू. एकावरच जावा."

म्हणजे चेन तोडून आखूड करायची आणि डिरेलर वगळून थेट एकाच दातेरी चकतीवर चढवायची. साध्या सायकलसारखी. अडचण एकच. साध्या सायकलचं मागचं चाक मागे सरकवून चेन ताणता येते, माझ्या फ्रेमला ती खाच नव्हती. त्यामुळे चेन बरोबर ताठ बसेल अशी चकती शोधायची. त्यांनी पंच आणि हातोडी माझ्या हातात दिली. "ठोका. पिन पूर्ण बाहेर काढू नका, परत बसवाय लागती."

पहिली पिन मी पूर्ण बाहेर काढली. ते काही बोलले नाहीत, शेजारची कडी दाखवली. पहिल्या चकतीवर चेन लोंबली. दुसरीवर इतकी घट्ट की पायडल फिरेना. तिसरीवर बसली. चहा आला, तो प्यायला, माझे हात कोपरापर्यंत काळे.

"पहिली सायकल कंची होती तुमची?" त्यांनी सहज विचारलं.

पहिली म्हणजे बाबांचीच. काळी, चोवीस इंची. बाबा तिच्यावरून पंचवीस वर्षं भोसरीला कंपनीत गेले. मी नळीतून पाय घालून त्याच सायकलवर शिकलो. २०१६ मध्ये नवीन फ्लॅटमध्ये आलो तेव्हा गॅलरीत जागा नाही म्हणून मी ती भंगारात दिली. बाबांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले होते.

हे सगळं मी एका अनोळखी माणसाला सांगून टाकलं. काका चेनला तेल सोडत होते. "जुन्या सायकलीला वजन चांगलं येतं भंगारात," एवढंच म्हणाले.

शंभर रुपये घेतले. मी जास्त देऊ केले नाहीत, तेवढी अक्कल तोपर्यंत आली होती. काढलेला डिरेलर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

परतीचा प्रवास एका गियरवर. सपाटीला मजा आली. शिंदेवाडीनंतर कात्रजचा जुना घाट मात्र बोगद्यापर्यंत सायकल ढकलत चढलो. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते.

बाबा दार उघडायला आले. सायकलकडे बघितलं, खाली बसले आणि चेन अंगठ्याने दाबून पाहिली.

"कुणी तोडली ही?"

"मी."

परत दाबली. "अजून एक कडी काढली असतीस तर तुटली असती," म्हणाले, आणि हाताला लागलेलं तेल बनियनला पुसलं. आई आतून ओरडली.