तेल वाढले म्हणून मी खूश झालो



एरवी मी तुम्हांला बियाणे, खत, कीड यांविषयी चार गोष्टी सांगतो. आज माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. शहाण्याने दुसऱ्याच्या ठेचेने शिकावे, म्हणून सांगतो.

बोरीला माझ्या दारात एक जुनी पेट्रोलची मोटार आहे. कार्बोरेटरच्या जमान्यातली. गाडीचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हे, माझा आहे. दर रविवारी बॉनेट उघडून इंजिनातले ऑइल पाहायचे, हा माझा नेम. पण ती ऑइलची पट्टी मला रोज वेगळेच सांगू लागली. सकाळी तेल भरपूर, संध्याकाळी कमी. पट्टीच्या एका बाजूला वरच्या खुणेपर्यंत, दुसऱ्या बाजूला खालच्या खुणेशी. एकदा जिंतूरहून येऊन लगेच पाहिले, तेल कमी दिसले. अर्धा लिटर ओतले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर वरच्या खुणेच्याही वर!

सौ. म्हणाली, “लोकांना मातीचा नमुना कसा घ्यावा ते शिकवता, आणि स्वतः कसाही घेता.”

बोलणे झोंबले, पण खरे होते. माती परीक्षणासाठी आपण बांधावरची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती घेत नाही. एका खड्ड्यावर विसंबत नाही. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करतो, तेव्हा जमिनीचा खरा अंदाज येतो. इथेही तसेच आहे. गाडी नुकतीच बंद केली, की बरेचसे तेल वर इंजिनातच असते. ते निथळून खाली चेंबरमध्ये यायला वेळ लागतो. गाडी उतारावर असेल, तर चेंबरमधले तेल एका बाजूला सरकते. आमचे अंगण काळ्या जमिनीचे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कालची सपाट जागा आज सपाट असेलच असे नाही. शिवाय पट्टी वर ओढताना नळीला लागलेले तेल तिला चिकटते आणि एक बाजू उगीच भरलेली दिसते.

मग मी रीत बसवली. गाडी शाळेजवळच्या फरशीवर, नेहमी त्याच जागी लावायची. पाहायचे ते सकाळी, इंजिन गार असताना. पट्टी काढून सुती फडक्याने कोरडी पुसायची, पूर्ण आत घालायची, काढून आडवी धरायची. दोन्ही बाजू बघायच्या आणि जी बाजू कमी दाखवील ती खरी मानायची. शंका आली तर पुन्हा एकदा. तेल नवे, पातळ रंगाचे असेल तर पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवायची, खूण स्पष्ट उठते. महिनाभरात आकडे जुळू लागले. मला वाटले, जिंकलो.

पुढच्याच महिन्यात, थेंबभर न ओतता तेल हळूहळू वर चढू लागले. मी खूश! पारावर बसून सांगितलेही, “माझी गाडी तेल खात नाही, उलट वाढवते.”

तिथे आमच्या शेजारचे आबा बसले होते. मृगाचा पाऊस पडला होता, सोयाबीनच्या पेरणीची घाई होती. ते म्हणाले, “सायेब, माझ्या ट्रॅक्टरचं आईलबी पट्टीवर वर चढायलंय. काय व्हईल का?”

मी म्हणालो, “आबा, घटले असते तर काळजी. वाढले तर बरेच की!”

आठ दिवसांत ऐन वापशावर ट्रॅक्टर खडखडला आणि शेतातच थांबला. मिस्त्रीने चेंबरचा नट खोलला, तर तेलाऐवजी पातळ पाण्यासारखे काळे निघाले आणि डिझेलचा वास सुटला. डिझेल गळून ऑइलमध्ये मिसळत होते. पातळ तेलाने बेअरिंगा गेल्या. दुरुस्तीचा खर्च तर झालाच, पण दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत वापसा निघून गेला आणि निम्मे रान उशिरा पेरले गेले.

आबा मला काहीच बोलले नाहीत. “तुमचं काय चुकलं सायेब, मशीन हाय,” एवढेच. मी खर्चात वाटा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. ते मला जास्त लागले. मी इंजिनाचा शिकलेला नाही, मी शेतीचा पदवीधर. पण ‘सायेब’ म्हटले की लोक सगळ्यातच विश्वास ठेवतात. “मला ठाऊक नाही, मिस्त्रीला दाखवा,” हे पाच शब्द मी बोललो असतो तर?

त्या संध्याकाळी घरी आलो आणि प्रथमच पट्टी नाकाशी धरली. पेट्रोलचा वास! इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या छोट्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता, त्यातून पेट्रोल चेंबरमध्ये झिरपत होते. पंप बदलला, सगळे तेल आणि फिल्टर बदलले, तेव्हा इंजिन वाचले.

म्हणून बंधू-भगिनींनो, ट्रॅक्टर असो, विहिरीवरचे डिझेल इंजिन असो की मोटार, एवढे ध्यानात ठेवा. तेल घटले तर गळती पाहा, धूर पाहा. पण न ओतता वाढले तर जास्त सावध व्हा. वास घ्या, ऑइल पेट्रोल-डिझेलने पातळ झाले असेल. रंग बघा, चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा. थंडीत थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला थोडा पांढरा थर धरतो, त्याने घाबरू नका. पण पट्टीवर तो दिसला तर इंजिन चालू करू नका. जास्तीचे ऑइल तसेच ठेवले, तर त्याला फेस येतो आणि वंगण नीट पोचत नाही.

परवा आबा भेटले. मी बॉनेट उघडून उभा होतो. हसून म्हणाले, “सायेब, वास घेतला का?”

घेतला, आबा. आता आधी वास घेतो, मगच खूण पाहतो.